मामांचा होनोलुलूचा डबा

मामा गेल्याची चिठ्ठी शाळेच्या शिपायाने आणून दिली तेव्हा मी मुलींना भागाकार शिकवत होते. चिठ्ठी वाचली, घडी केली आणि फळ्यावरचे गणित शेवटपर्यंत सोडवून घेतले. असे का केले, ते मला अजून कळलेले नाही. आता दीड महिना झाला. या माणसाबद्दल चार ओळी धड लिहाव्यात म्हणून बसले आहे, पण जितके आठवते तितका गोंधळ वाढतोच आहे...

मामा सोलापुरात मिलच्या बॉयलरवर फिटर होते. त्याआधी चार वर्षे आगबोटीवर होते, आणि त्यांच्या जगात गावे दोनच, एक सोलापूर आणि दुसरे हवाई बेटांवरचे होनोलुलू. तिथल्या उसाच्या मळ्यांतले जपानी मजूर भाताच्या वड्या बांधून कामावर नेतात, हे त्यांनी पाहिले होते. परत येताना मांसाचा एक पत्र्याचा डबा घेऊनच ते घरी आले. मांसाचे काप गुळाच्या पाण्यात घोळवून तव्यावर परतले, रिकाम्या डब्यात मऊ, चिकट भात दाबून बसवला आणि वडी उलटी पाडून वर काप ठेवला. तिकडे म्हणे समुद्रातले काळे पान गुंडाळतात. इथे वाफवलेल्या अळूच्या पट्टीवर भागवले. ज्वारीवर वाढलेल्या आम्हा पोरांनी ताटे चाटून पुसून घेतली. मामीने मात्र घास हातातच धरला.

"कशाचं मटन हाय ह्ये?"

"इचारायचं न्हाय, खायाचं," मामा हसत म्हणाले. चार वर्षांनी परतलेला नवरा कौतुकाने भरवतोय... मामीने डोळे मिटून खाल्ले.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी मामा असा डबा आणू लागले. मुंबईचा दोस्त धाडतो म्हणायचे. छिन्नीने झाकण कापायचा सोहळा असा की घरात सत्यनारायण असल्यासारखे सगळे भोवती बसायचे. डब्यावर कागद कधीच नसे. मामीने पुन्हा कधी विचारले नाही, मुकाट्याने एक वडी खायची. तिला आवडते, असेच मी धरून चालले होते. शिकलेल्या माणसाला काही कळतेच असे नाही.

तेराव्यानंतर मामांच्या हाताखालचा व्यंकण्णा त्यांची हत्यारे द्यायला घरी आला. पिशवीत एक बंद डबा होता. तो पाहताच मामी मागे सरली.

"सुमन, तुला विंग्रजी येतंय. कशाचं हाय, वाच."

वाचायला काही नव्हतेच. तसे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अकरा वरसं सोमवारी पाण्याबिगर काय घेतलं न्हाय म्या. पोटात गाय गेली आसंल, ह्या भ्यानं. त्येंचं मन मोडवत नव्हतं आन जीवबी थाऱ्यावर नव्हता." मोडनिंबच्या गोठ्यात वाढलेली ही बाई. तिचे सोमवार मी सिद्धेश्वराच्या खात्यावर टाकले होते.

व्यंकण्णा चक्रावूनच गेला. "गाय कुटली, अम्मा? बोकडाचा खिमा. मेस्त्री आणायचे, कुटून डब्यात भरायचे, कथील वितळवून झाकणाला झाळ मी मारायचो. मग मिलच्या वाफेवर शिजवायचं. डबा एकच की! पुन्हा पुन्हा झाळलेला."

"मग मला सांगाया काय झालं हुतं?" मामी ओरडलीच. मग हळू आवाजात म्हणाली, "आन पैला?"

"बोटीवरनं आणलेला? त्याचं मला ठाऊक न्हाई." व्यंकण्णा जायला उठला आणि सहज बोलून गेला, "सोमवारी मेस्त्री मिलमदे जेवत नव्हते. भाकरी मला द्यायचे. घरी बोलू नको म्हणायचे."

तेव्हापासून माझे डोके चालेनासे झाले आहे. म्हणजे मामांना तिचा उपास का, ते ठाऊक होते. मग एका शब्दाने तिची सुटका करता आली असती, ती का केली नाही? होनोलुलूची ऐट जाईल म्हणून? तिच्यासोबत उपाशी राहत होते, की पहिल्या डब्याचे काही खरेच मनाला खात होते? कधी वाटते, केवढा जीव तिच्यावर! कधी वाटते, समोर असते तर चांगले खडसावले असते. मला त्यांचा राग येतो, आणि ते हवेत, इतके हवेत...

पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम मामांच्या घरी गेले. मामीने तो डबा फोडला होता. आतले मांस मांजरांना घालून डबा राखेने लख्ख घासला होता आणि ओल्या बोटांनी त्यात भात दाबत होती. अळू वाफवलेले होते, शेजारी ताज्या खिम्याचे परतलेले काप. ताट एकच होते. त्यात तिने दोन वड्या मांडल्या.

"मामी, आज सोमवार," मी म्हटले.

"ठाऊक हाय की. त्येंचा उपास कशाचा हुता, आता कोण सांगणार? त्ये गेलं, आन मी किती दिस झुरू?" तिने पहिली वडी उचलून खाल्ली. सावकाश, डोळे उघडे ठेवून. मग पदराने तोंड पुसले आणि दुसरी हातात घेतली.

"ही त्येंची. त्येंचाबी उपास सोडते."