चाकाचे नट आवळताना

लग्न होऊन मी रावेरहून धुळ्याला आले, तेव्हापासून घरातली बिघडलेली कुठलीही वस्तू दुकानात दुरुस्तीला गेलेली मला आठवत नाही. पंखा, मिक्सर, माझं शिलाई मशीन, सगळं हे स्वतःच खोलायचे. हे म्हणजे माझे यजमान. सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. नव्वद सालानंतर कधीतरी आम्ही जुनी मारुती घेतली, तेव्हा तीही गॅरेजला न्यायची नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

माझे दीर मस्कतला नोकरीला होते. एका सुटीत त्यांनी भावासाठी टॉर्क रेंच आणला. हातभर लांब, जड, चकचकीत पाना. मूठ फिरवून हव्या त्या आकड्यावर लावायची आणि नट आवळायचा. हवा तेवढा आवळला गेला की पाना 'कट्' असा आवाज करायचा.

"नट ढिला राहिला तर चाक निघतं, जास्त आवळला तर आटे जातात," यांनी मला कौतुकाने सांगितलं होतं. "आवाज आला की थांबायचं. पुढे एक इंचही नाही."

पुढे काही वर्षांनी एका उन्हाळ्यात पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून लोखंड घासल्यासारखा आवाज यायला लागला. पॅड झिजले होते. एका रविवारी सकाळीच यांनी अंगणात गाडी घेतली, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि कामाला बसले. मी ओट्यावर गहू निवडत होते.

चाकाचे नट सोडवताना त्यांनी साध्या पान्यावर चक्क पाय देऊन अंगाचं वजन टाकलं. मला वाटलं, गंजले असतील. मग जॅकवर गाडी उचलून चाक काढलं, जुने पॅड काढून नवे बसवले. दरवर्षी तासाभरात उरकणारं काम, पण ऊन अंगणात आलं तरी एकच बाजू चालली होती. हातातून बोल्ट दोनदा पडला. पडला की हे माझ्याकडे बघायचे, मी पाहिलं का म्हणून. मी सुपात बघायचे. शर्टाच्या गुंड्यांना अलीकडे त्यांना वेळ लागत होता, हे मला माहीत होतं. आम्ही त्यावर बोललो नव्हतो.

चाक बसवून गाडी खाली घेतली. शेवटचं आवळणं तेवढं राहिलं होतं. यांनी टॉर्क रेंच नटावर लावला आणि ओढला. आवाज आला नाही. पुन्हा ओढला. मग दोन्ही हातांनी. मानेच्या शिरा फुगल्या, पण पाना आहे तिथेच.

"बिघडला हा," ते म्हणाले. "पाय देता येत नाही याच्यावर, नाहीतर..." आणि पाना फरशीवर आपटला. यांनी हत्यार आपटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी उठून गेले. का गेले, सांगता येणार नाही. पाना उचलला, नटावर बसवला आणि ओढला. कट्.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

दुसऱ्या नटावर लावला. फार जोरही लावावा लागला नाही. कट्.

हे आधी पान्याकडे आणि मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. अंगठ्याजवळचं मांस बसलं होतं, तिथे खळगा पडला होता. रोज ताटात वाढताना तो हात माझ्यासमोर असायचा, पण मी तो त्या दिवशी पाहिला. यांचं बोलणं शहरातलं झालं होतं. गावची अहिराणी फक्त आईजवळ निघायची. त्या दिवशी माझ्यासमोर निघाली.

"पाना नीट शे," ते हळूच म्हणाले. "मना हातमा जोर नही."

मी म्हटलं, "उन्हाने असेल. आत चला, पाणी घ्या."

"दुसरी बाजू राहिली," ते म्हणाले, आणि विटेवर बसून मला एकेक सांगत गेले. पिस्टन आधी मागे दाब. पॅड उलटा नको. नट समोरासमोरचे आवळ. मी केलं. शेवटी गाडीत बसून त्यांनी ब्रेक बराच वेळ दाबून पाहिला. दाबून झाला तरी उतरले नाहीत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

धुळ्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला मुंबईला पाठवलं. तिथे कळलं की, स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच मरत चालल्या आहेत. औषध नाही. परतताना कसारा घाटात हे म्हणाले, "तू गाडी शिकून घे."

शिकले. शिकवलंही त्यांनीच, शेजारी बसून, पुढे जीभ जड होईपर्यंत. आमच्या देवपूर भागातल्या बायका मला म्हणायच्या, "वहिनी, तुमचं बाई धाडस!" मी हसायचे. माझ्या हातात जे जे येत होतं, ते ते यांच्या हातून गेलेलं होतं, हे त्या बायकांना कसं सांगणार? घासही मीच भरवत होते. यांना ते आवडायचं नाही. तोंड भिंतीकडे करायचे. मी थांबायचे, मग पुन्हा चमचा पुढे करायचे.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर ते गेले. तेराव्याला रावेरहून माझा भाऊ आला होता. म्हणाला, "अक्का, एकटी काय करशील इथे? गाडी विकून टाक, घरी चल."

गाडी मी विकली. अमळनेरचा एक गृहस्थ घेऊन गेला. रावेरला मात्र गेले नाही. का, म्हणून भावाने पुष्कळ विचारलं. यांनी विटेवर बसून मला एकेक सांगितलं, ते अंगण संध्याकाळी झाडून मी दाराला कडी लावते आणि आत येऊन एकटीचा भात टाकते, इतकंच मी त्याला सांगू शकले.