लिंबाजी काकांचे चोवीस सेकंद

लिंबाजी काकांना मी आधी ऐकलं, मग पाहिलं. जिंतूरच्या आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर मुलींचा बास्केटबॉलचा सराव चालू होता आणि कुठूनतरी टिक्, टिक्, टिक् असा बारीक, कोरडा आवाज येत होता. वळून पाहिलं, तर कठड्याच्या लोखंडी पाइपला टेकून एक उंच, वाळके गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, पायात चपला आणि हातात एसटीच्या कंडक्टरकडे पूर्वी असायचा तो तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. तिकीट नव्हतंच; ते नुसता चिमटा दाबत होते. चोवीस वेळा दाबून झाला की थांबायचे आणि मैदानाकडे बघून मोठ्यानं म्हणायचे, "गेली गाडी."

चेंडू हातात आल्यावर चोवीस सेकंदांच्या आत तो बास्केटकडे टाकलाच पाहिजे, असा या खेळाचा नियम आहे. मोठ्या मैदानांवर त्याचं वेगळं घड्याळ असतं. आमच्याकडे नाही. पंच मनातल्या मनात मोजतात आणि बऱ्याचदा मोजायचं सोडून देतात. माझ्या मुली याचाच आधार घेऊन खेळायच्या. हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून परत हिच्याकडे. बास्केटखाली जाऊन पुन्हा बाहेर. टाकायचं कुणीच नाही.

मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "काका, हे काय चाललंय?"

"तुमच्या पंचाचं काम करायलोय, सर. त्यो मोजंना, म्हणून मी मोजायलोय."

तीस वर्षं त्यांनी जिंतूर, बोरी, परभणी या रस्त्यावर कंडक्टरकी केली होती. गाव बोरी. तिकिटाची मशीन आली आणि चिमटा निरुपयोगी झाला. तो त्यांच्याकडे कसा राहिला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मुक्कामाच्या गाडीवर परभणीला असताना संध्याकाळी ते तिथल्या मैदानावर जाऊन बसायचे आणि हा खेळ त्यांना तिथंच लागला. निवृत्तीनंतर आमच्याकडे मुलींचा संघ आहे असं त्यांना कळलं. तेव्हापासून सरावाच्या दिवशी दुपारच्या बसनं ते बोरीहून यायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचे.

संघावर त्यांचा जीव होता आणि संघाच्या खेळानं तो रोज जळायचा. कठड्यावरून त्यांचं चालूच असायचं. "फलाटाला गाडी लागलीय, पॅसेंजर बसलंय, आन ड्रायव्हर आरसाच पुसायलाय." आमची कर्णधार वर्षा चेंडू हातात घेऊनच ओरडायची, "काका, आरसा घाण हाय." त्यावर काका म्हणायचे, "पुसून पुसून काच झिजली माय तुझी. आता तरी टाक." चेंडू मागे गेला की, "घ्या, पुन्यांदा रिव्हर्स. आज डेपोतच झोपा." मुली हसायच्या. मीही हसायचो. पण त्या हसण्याखाली मला भीती वाटायची. मुली टाकत का नाहीत, हे त्या मैदानावर फक्त मला माहीत होतं.

त्यांनी टाकू नये, असं मीच त्यांना शिकवलं होतं.

मी इथं क्रीडाशिक्षक म्हणून लागलो त्या वर्षी आमचा संघ परभणीला फार वाईट हरला होता. मुली बिनधास्त टाकत होत्या, चुकत होत्या आणि समोरचा संघ प्रत्येक चुकलेला चेंडू घेऊन पळत होता. परत आल्यावर त्या वेळचे प्राचार्य म्हणाले, "एवढ्या फरकानं हरायला पोरी एवढ्या लांब कशाला न्यायच्या? पुढच्या वर्षी बघू." 'बघू' म्हणजे काय, ते मला कळलं. संघ बंद पडला तर माझं काय काम उरतं, हेही कळलं. पुढच्या सरावाला मी मुलींना सांगितलं की, शंभर टक्के खात्री असल्याशिवाय चेंडू टाकायचा नाही. चेंडू आपल्याकडे राहिला की समोरच्यांचे गुण होत नाहीत. हरलो तरी थोडक्यात हरू. जुन्या मुली गेल्या, नव्या आल्या, पण माझं हे वाक्य राहिलं. शंभर टक्के खात्री तर कुणाला कधीच नसते. माझ्या मुली खरोखरच थोडक्यात हरायला लागल्या आणि प्राचार्य "छान झुंज दिली" म्हणायला लागले. मी ते कौतुक मान खाली घालून घ्यायचो.

गेल्या उन्हाळ्यात काकांना झटका आला. नांदेडला नेऊन त्यांच्या हृदयात दोन स्टेंट टाकले. दीड महिना कठडा रिकामा होता. मग एके दिवशी सरावाच्या मध्येच टिक्, टिक् सुरू झालं. मुली खेळ सोडून त्यांच्याकडे धावल्या. काका आणखी वाळले होते. सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता.

"डॉक्टर काय म्हणाले, काका?"

"म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मी म्हणलं, मंग आमच्या पोरींना सांगा टाकायला."

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीचा, सुनंदाताईंचा, फोन आला. त्या बोरीतच अंगणवाडीत आहेत आणि आईच्या माघारी वडिलांना त्याच बघत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, आप्पाला मैदानावर येऊ देऊ नका. माझं ऐकंनात ते. तुमचं ऐकतील." मी हो म्हणालो. पण काकांना काहीच बोललो नाही. उद्या बोलू, परवा बोलू, असं चाललं होतं.

त्यानंतर माझं मैदानाकडे लक्षच राहिलं नाही. मुली खेळायच्या आणि मी कठड्याकडे बघायचो. काकांचा चेहरा, चिमट्याचा हात, मोकळा असलेला डावा हात. टिकटिक चालू असली की मला श्वास घेता यायचा. एकदा मानवतच्या संघाबरोबर सरावाचा सामना होता. शेवटचं मिनिट होतं, आम्ही एका गुणानं मागे होतो आणि चेंडू आमच्याकडे होता. पूजाकडून वर्षाकडे, वर्षाकडून परत पूजाकडे. टिक्, टिक्, टिक्. आणि मध्येच टिकटिक थांबली.

मी पाहिलं. काकांनी पाइप घट्ट धरला होता आणि डावा हात काखेत दाबला होता. वर्षानंही ती शांतता ऐकली. ती चेंडू हातात घेऊन तशीच कठड्याकडे बघत राहिली आणि समोरच्या मुलीनं तिच्या हातातून चेंडू काढून नेला. मी धावत कठड्याजवळ गेलो. काकांना खाली बसवलं, पाणी दिलं. त्यांनी घाम पुसला.

मग म्हणाले, "तुमाला वाटतंय, पोरी हरल्या म्हणून माझ्या छातीत धरतंय. न्हाई, सर. टाकलं आन चुकलं, त्यानं मला काय बी होत न्हाई. चुकलं तर चुकलं. टाकतच न्हाईत ना, तवा धरतंय. हात वर जातोय आन परत खाली येतोय, तवा."

मला तेव्हाच सांगता आलं असतं, की मुलींना हात खाली आणायला मीच लावलाय. मी म्हणालो, "काका, तुम्ही आराम करा. डॉक्टरांकडे जा."

जिल्ह्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे सामने यंदा आमच्याच मैदानावर होते. आदल्या दिवशी सुनंदाताईंचा पुन्हा फोन आला. त्या रडत होत्या. "सर, ते सदरा इस्त्री करून बसलेत. उद्या काही झालं तर मी काय करू?" माझ्या डोळ्यांसमोर काखेत दाबलेला तो हात आला. फोन ठेवला आणि लगेच काकांना लावला. म्हणालो, "काका, उद्याचा सामना तीन वाजता आहे."

सामना सकाळी दहाला होता.

दहा वाजता मैदानावर बरीच गर्दी होती, तरी मला ते मैदान सुनं वाटत होतं. मुली प्रत्येक वेळी चेंडू हातात आला की एकदा कठड्याकडे बघायच्या. टिकटिक नव्हती. त्यामुळे किती वेळ झाला हे कुणालाच कळत नव्हतं, मलाही नाही. वर्षाला दोनदा मोकळी जागा मिळाली. दोन्ही वेळा तिनं हात वर नेला, माझ्याकडे पाहिलं आणि चेंडू पूजाला दिला. "टाक" एवढा एकच शब्द मला म्हणायचा होता. पण नवे प्राचार्य खुर्ची टाकून शेजारीच बसले होते. आम्ही तीन गुणांनी हरलो. प्राचार्य उठताना म्हणाले, "छान झुंज दिली."

तीनच्या आधी काका आले. इस्त्रीचा सदरा, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात मुलींसाठी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. मैदानात शिपाई पताका उतरवत होता. मी स्टाफरूमच्या खिडकीतून ते बघितलं आणि खरं सांगतो, मागच्या दारानं निघून जावं असं मला वाटलं. पण त्यांनी मला पाहिलं होतं.

मी बाहेर गेलो. काका पताकांकडे बघत होते.

"झाली का मॅच?"

"झाली."

"किती?"

"थोडक्यात गेली, काका."

"टाकलं का पोरींनी?"

मी शिपायाकडे बघत राहिलो. मग ते म्हणाले, "तुमी तीन म्हणालात ना?"

"वेळ ऐनवेळी बदलली," मी म्हणालो. "कळवायचं राहून गेलं."

काका कठड्याच्या पायरीवर बसले. मी त्यांच्या छातीकडे बघत होतो. ते मात्र शांत होते. पिशवीतून एक शेंग काढून सोलत ते म्हणाले, "सर, तीस वर्षं मी अर्धं तिकीट फाडलं. मिसरूड फुटलेलं पोरगं मांडीवर घेऊन बसायचे लोक आन म्हणायचे, पाचवीला हाय. पोरगं लाजून खिडकीबाहेर बघायचं. मला कळायचं न्हाई व्हय? पण एकाला बी कधी खाली उतरवलं न्हाई." त्यांनी दाणे माझ्या हातावर ठेवले. "तुमाला बी उतरवत न्हाई. बसा."

मी बसलो. दाणे मुठीत तसेच राहिले. शेंगांची पिशवी पोरींना द्या म्हणून त्यांनी माझ्याजवळ ठेवली आणि चारच्या बसनं ते गेले. बसपर्यंत सोडायला गेलो, तेव्हाही मी काही बोललो नाही.

त्यानंतर ते सरावाला आले नाहीत. बोरी इथून काही लांब नाही. रविवारी जाऊ, असं ठरवलं. त्या रविवारी पाव्हणे आले. पुढच्या रविवारी दुपारी मी जिंतूरच्या स्टँडपर्यंत गेलो. बोरीची बस लागली होती, माणसं चढत होती. काय बोलायचं ते मनात जुळवत मी फलाटावर उभा राहिलो. पहिलं वाक्यच जमेना. गाडी सुटली. मला वाटलं, अजून नीट तयारी झाली की जाऊ. खात्री झाली की जाऊ.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी आंघोळ करून ओट्यावर बसलेले असताना काका गेले.

मी बोरीला गेलो तो त्या दिवशी. सुनंदाताईंना मी एकट्यात गाठलं आणि म्हणालो, "ताई, वेळेचं मी त्यांना खोटं सांगितलं. त्याचं त्यांना फार लागलं असणार."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "त्यांना माहीत होतं, सर. त्याच संध्याकाळी मीच सांगितलं, की मी सरांना फोन केला होता. रागावले न्हाईत. म्हणाले, तुझं तू सांगितलंस. आता सर येतील सांगायला. तू त्यांना फोन करू नको, त्यांचं त्यांना येऊ दे." मग म्हणाल्या, "रोज जिंतूरहून दुपारची बस आली की ओट्यावर येऊन बसायचे."

दुपारची ती बस मला माहीत आहे. स्टँडवर माझ्यासमोरून सुटली होती ती तीच. त्यांच्या हातात चिमटा असायचा का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आजही कधी कधी वर्गात, जेवताना, कुठंही, माझ्या कानात ती टिकटिक सुरू होते. कितव्यावर आली आहे ते मला कळत नाही आणि ती आता थांबेल या भीतीनं हातातलं काम सुटतं.

चौथ्या दिवशी सराव ठेवला. मुली गोल करून उभ्या राहिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. वेळ चुकून कळवायची राहिली नव्हती, मी खोटं बोललो होतो. टाकायचं नाही हा नियम तुमच्या भल्यासाठी नव्हता, माझ्या भीतीसाठी होता. शेंगा तुम्हाला दिल्या तेव्हाही मी गप्पच राहिलो. बोलताना मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. कठड्याकडे बघत होतो. पूजा रडत होती. वर्षाच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो असायलाच हवा होता.

मग वर्षानं खाली पडलेला चेंडू उचलला. होती तिथूनच, कुणाकडे न बघता, तिनं तो टाकला. चेंडू रिंगला लागला आणि लांब बाहेर, पार कठड्यापर्यंत गेला.

मी जाऊन तो आणला, तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "परत टाक."