बाय-टू

उकळत्या बदाम दुधाचा वास आला की इंदिरानगरातल्या उभ्याने खायच्या हॉटेलातली ती संध्याकाळ आठवते. इलेक्ट्रॉनिक सिटीहून बसने येता येता माझं त्राण संपलेलं, आणि पाळणाघरातून घेतलेली चार वर्षांची लेक कडेवर. एकच दूध बाय-टू सांगितलं. काउंटरवरच्या अण्णांनी भरलेला पेला दोन छोट्या पेल्यांत ओतला, तशी ती ओरडली, “आई, एकाचे दोन झाले! वाढलं!” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुलापण बाय-टू करू या. एक आई ऑफिसला, एक घरी.” समजावण्याइतकंही बळ नव्हतं, मी नुसतं कानडीत “सरी”, म्हणजे बरं, म्हटलं. परवा तिथेच, ऑफिसचा फोन कानाला लावून, मी पुन्हा बाय-टू मागितलं. लेक आता पाचवीत आहे. “नको आई,” ती म्हणाली, “अर्धंच येतं वाट्याला.”