बंद इंजिनातलं तेल

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रवासवर्णन लिहिणारे लोक हिमालयात वगैरे जाऊन येतात. मी रामटेकहून नागपुरातल्या नंदनवनला गेलो, तेही गाडी दुरुस्त करायला, आणि गाडीतलं मला काही कळत नाही हे सिद्ध करून आलो. तरी लिहितो आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नागपुरात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे सुट्टीत घरी आलो की गल्लीतला बंद पंखाही मलाच दाखवतात. महिन्यापूर्वी डोंगरे मॅडमनी बोलावलं. त्यांनी मला दहावीपर्यंत गणित शिकवलं. लहानपणापासून त्यांच्या डाव्या पायात जोर नाही, म्हणून बिनक्लचची, ऑटोमॅटिक गाडी. वीस वर्षं जुनी. ती अलीकडे गिअर टाकल्यावर आधी विचार करायची आणि मग निघायची.

मी डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढली, पुसली, पुन्हा बुडवली आणि गंभीरपणे म्हणालो, "गिअरबॉक्सचं तेल पूर्ण आहे."

त्या भरवशावर मॅडमनी गावातल्या गॅरेजात सांगितलं, "तेल इंजिनिअरनं पाहिलं आहे." मग गॅरेजवाल्यांनीही पाहिलं नाही. गिअरबॉक्सच गेला, गाडी भंगारात द्या, असा निकाल लागला. सोमवारी भंगारवाला येणार होता. शनिवारी आम्ही निघालो. नंदनवनचे मेकॅनिक गुलाबभाऊ ही शेवटची आशा होती.

चालवायला मी बसलो. पहिल्याच वळणावर माझ्या डाव्या पायाने सवयीने क्लच शोधला आणि त्याला ब्रेक सापडला. मॅडमचा चष्मा डॅशबोर्डवर गेला.

"डाव्या पायाले सुट्टी दे गा," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "माझ्या पायानं तं जन्मभराची घेतली आहे."

मनसरपर्यंत दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या (शेताचे लहान तुकडे) होत्या. गाडी गरम होत गेली तशी जास्त विचार करू लागली. कन्हानच्या अलीकडे एका पुलाच्या चढावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जवळजवळ उभीच राहिली. एक सायकलवाले काका आम्हाला मागे टाकून गेले. जाताना त्यांनी वळून पाहिलं, त्या नजरेत दया होती.

मॅडम खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "गाडी गेली का माझं बाहेर जाणं दुसऱ्याच्या सवडीवर."

गुलाबभाऊंनी आम्हाला आधी शेजारच्या टपरीवरचा आलूबोंडा दिला, वर तर्री (तिखट रस्सा). मग गाडी सपाट जागी लावली, इंजिन चालू ठेवलं, गिअरचा दांडा सगळ्या जागांवरून फिरवला आणि इंजिन चालू असतानाच पट्टी काढली. टोक जवळजवळ कोरडं होतं.

"तेल कोनं पाहिलं होतं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात आलूबोंडा होता. तो जमेल तितका सावकाश चावला, पण शेवटी संपला.

"मी," म्हणालो. "त्या दिवशी. इंजिन बंद असताना."

"काहून?"

"बाबा ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल तसंच पाहतात."

गुलाबभाऊ हसून हसून खाली बसले. "अरे, हे ट्रॅक्टर होय का गा? हे बंद केलं का वरचं तेल खाली उतरते, पट्टी भरलेली दिसते. हे गरम करून, चालू ठेवूनच पाहा लागते."

मला वाटलं मॅडम रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "दहावीतही तू उत्तर आधी लिहायचा, प्रश्न मंग वाचायचा."

रेडिएटरकडे जाणारी नळी झिरपत होती. गुलाबभाऊंनी ती बदलली, फिल्टर बदललं, नवं तेल भरलं. जुनं तेल बोटांवर चोळून त्यांनी वास घेतला तेव्हा मात्र ते हसले नाहीत.

"थोडं जळलं आहे. आतल्या प्लेटा वाचल्या का नाही, आज नाही सांगत. आठ दिवस चालवा, मंग रामटेकचा गड चढून पाहा. मधात इंजिन ओरडलं अन् गाडी थांबली, तं गेली समजा."

परतताना मॅडमनी चालवलं. मला हॉस्टेलपाशी उतरवून त्या एकट्याच रामटेकला गेल्या. मी शेजारी बसलो होतो तेवढा वेळही माझा डावा पाय पायपुसणं दाबत होता. भंगारवाल्याला त्यांनी आठ दिवस थांबायला सांगितलं.

ते आठ दिवस मी फोन केला नाही. हिंमतच झाली नाही. वर्गात सरांनी गिअरबॉक्सवर प्रश्न विचारला तेव्हा मी वहीत तोंड घातलं. या प्रवासात मी शिकलो ते एवढंच, की पट्टी खोटं बोलत नाही. तिला कधी विचारायचं ते कळावं लागतं.

नवव्या दिवशी फोन वाजला.

"पट्टी हातात आहे माझ्या. तेल कुठवर पाहिजे, सांग."

उत्तर जिभेवर होतं. मी ते गिळलं. "मॅडम, आधी सांगा, इंजिन चालू आहे?"

"आहे."

"गरम झालं आहे?"

"चांगलं गरम आहे."

"गाडी सपाट जागी आहे?"

"आहे. गडावर, गाड्या लावतात तिथं." मागे इंजिन शांतपणे चालल्याचा आवाज येत होता. "एका दमात चढली गा."