अकरा फोटोंखालचा एकोणिसावा मजला

रविवार, सकाळचे अकरा. लालबागमधल्या एका शाळेचा हॉल. रीडेव्हलपमेंटला गेलेल्या एका चाळीचे शंभरेक रहिवासी, समितीचे अकरा जण आणि मी. माझं बिल बेचाळीस हजारांचं होतं, त्यातले एकवीस मिळालेले. कांबळे काका उभे राहिले आणि म्हणाले, "मला एकोणिसावा मजला कोणी दिला, एवढंच सांगा."

समितीचे अध्यक्ष परब जागेवरूनच म्हणाले, "काका, तुम्हीच मागितलात. कॉम्प्युटरात नोंद आहे."

त्या कॉम्प्युटरातलं पेज मी केलं होतं.

मी वेबसाइट बनवते. गिरगावात घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस आहे. चाळ पाडल्यावर एकशे अठ्ठेचाळीस कुटुंबं शीव, अँटॉप हिल, जिथे भाड्याची जागा मिळाली तिथे पांगली होती. नव्या बावीस मजली इमारतीत कोणाला कितवा मजला हवा, ते दहा दिवसांत फोनवरून भरून घ्यायचं होतं. खालचे मजले बहुतेकांना हवे, म्हणून मागणाऱ्यांत चिठ्ठ्या. जो 'कोणताही मजला चालेल' म्हणेल त्याला उरलेलं घर. शुक्रवारी करारावर सह्या होणार होत्या. त्यानंतर बदल नाही.

कांबळे काकांना दिसत नाही. एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते, तिथूनच रिटायर झाले. फोन स्क्रीन रीडरवर चालवतात. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर बोट ठेवलं की तिथला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय. बँक, लाइटबिल, पेन्शनचे कागद, सगळं स्वतः करतात. त्यांच्या पत्नी शालिनीताईंचे गुडघे गेलेले. त्यांनी दुसरा मजला ठरवला होता. लिफ्ट बंद पडली तरी दोघं एकमेकांना धरून उतरू शकतील, एवढाच हिशोब.

मी पहिल्यांदा केलेलं पेज साधं होतं. पांढऱ्यावर काळी, मोठी अक्षरं. वर प्रश्न, खाली पर्याय, शेवटी बटन. परबांनी ते पाहून तोंड वाकडं केलं. "मॅडम, हे लाइटबिल वाटतंय. जरा आपल्यासारखं करा ना."

आपल्यासारखं म्हणजे नाक्यावरच्या फ्लेक्ससारखं. वर समितीचे तीन मोठे चेहरे, खाली आठ लहान, सगळ्यांचे हात नमस्काराला जोडलेले. नियमांचा मजकूर त्यांनी फ्लेक्सवाल्याकडूनच करून आणला होता, पिवळ्यावर सोनेरी, वळणदार फॉन्टमध्ये, चित्र म्हणून. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडरच्या हाती लागतीलच असं नाही. त्यासाठी चित्रामागे वेगळा मजकूर लिहावा लागतो, त्याला आल्ट टेक्स्ट म्हणतात. मी तो लिहायला आणि वेगवेगळ्या माणसांकडून पेज तपासून घ्यायला दोन दिवस आणि दोन हजार रुपये जास्त मागितले.

परब म्हणाले, "आपल्यात कोण आंधळं आहे?"

सेक्रेटरी हसले. कांबळे काका परबांच्याच मजल्यावर, चार दारं सोडून, चाळीस वर्षं राहिले होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. परबांना माहीत होतं. मी दीड दिवस वाद घातला आणि मग हो म्हटलं.

हॉलमध्ये मी काकांना विनंती केली, तुमच्या फोनवर पेज उघडा. माइक फोनजवळ धरला. फोन बोलू लागला. "इमेज." काकांनी बोट पुढे सरकवलं. "इमेज." पुन्हा सरकवलं. "इमेज." पाचव्या वेळी मागून कोणीतरी म्हणालं, "हे खजिनदार असतील." हॉल हसला. माझ्या मॉनिटरवर अकरा फोटो एका पट्टीत बसत होते. फोनवर ते एकाखाली एक उतरले होते. बाराव्यांदाही "इमेज" आलं. ते नियमांचं चित्र होतं. मग "बटन." नुसतं बटन, कशाचं ते नाही. मजल्यांचे पर्याय फोनवर त्याच्याही खाली गेले होते.

काका म्हणाले, "मला वाटलं हे दाबल्यावर पेज उघडेल. दाबलं. मग 'धन्यवाद' म्हणाला."

पुढच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. "माझ्या फोनात पण नुसते ह्येंचेच चेहरे. माका दिसता, तरी खाली काय हा ता समाजला नाय."

परब माझ्याकडे वळले. "मॅडम, एकशे एकोणचाळीस लोकांनी भरलं. एक-दोघांची अडचण झाली म्हणून काय सगळं रद्द करायचं?"

मला राग आवरेना. मी आकडे आणले होते. पेजवर कोणी काय दाबलं याची नोंद राहते. बावन्न जणांच्या नावापुढे 'कोणताही मजला' होतं. त्यातल्या चव्वेचाळीस जणांनी मजल्याच्या पर्यायांना हातच लावला नव्हता.

"मग त्यांचं 'कोणताही' आलं कुठून?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मी आधीच खूण करून ठेवली होती," मी म्हटलं. "फॉर्म अडकू नये म्हणून. फोटो तुमचे, खूण माझी. दोन्ही मिळून चव्वेचाळीस घरं गेली. ही चव्वेचाळीस उत्तरं रद्द करा. नाही केलीत तर हीच नोंद मी लेखी देईन, ज्याला हवी त्याला."

परब काकांकडे वळले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांचे शेजारी, काका. एक फोन केला असता तर मी भरून दिलं असतं."

"चाळीस वर्षांत माझा एक फॉर्म तुम्ही भरलाय का, परब?" काका म्हणाले. "मला भरून देणारा नको. मला भरता येईल असा फॉर्म द्या."

ठराव झाला, अर्धामुर्धा. ज्यांना चिठ्ठीत घर लागलं होतं ते जागचे हलायला तयार नव्हते, आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही. चव्वेचाळीस जणांनी त्यांना मिळालेल्या घरांतून आणि उरलेल्या रिकाम्या घरांतून पुन्हा निवड करायची, बुधवारपर्यंत. मी त्या रात्रीच पेज बदललं. फोटो वेगळ्या पानावर गेले, नियम अक्षरांत आले, आधीची खूण काढली. सोमवारी सकाळी अँटॉप हिलला जाऊन काकांकडून ते तपासून घेतलं. त्यांनी नऊ चुका काढल्या. त्या दुरुस्त झाल्यावर त्यांनी चार मिनिटांत स्वतःचा फॉर्म भरला.

या सगळ्या घरांत सर्वांत खालचं सातव्या मजल्यावर होतं. ते त्यांना मिळालं. दुसरा मजला गेला तो गेलाच. शालिनीताई मला एवढंच म्हणाल्या, "सातवा म्हणजे तरी जिने किती हो?" मी मोजून सांगितले नाहीत. मला माहीत होते.

यातून मी शिकले ते एवढंच: ज्या पेजवर मालकाचा चेहरा पहिला येतो, त्यावर येणाऱ्या माणसाचं काम शेवटी येतं. आणि आधीच करून ठेवलेली खूण म्हणजे दुसऱ्याच्या वतीने दिलेलं उत्तर.

समितीने उरलेल्या एकवीसमधून सहा हजार दंड कापला. खूण माझी होती, मी कापू दिला. अकरा फोटो उजळ करून दिल्याचे तीन हजार तीनशे मात्र त्यांनी आधीच, मागितल्या दिवशीच, पूर्ण दिले होते. तपासणीचे दोन हजार समितीने अखेरपर्यंत मंजूर केले नाहीत. ते मी माझ्या खिशातून कांबळे काकांना दिले, पावती घेऊन. पावती त्यांनी स्वतःच्या फोनवर लिहून पाठवली. तिच्यात एकही चूक नव्हती.