फौजदाराचा खुराक

सिंधूआक्काशी वाद घालायचा असेल तर आधी जेवून घ्यावं, असं आमच्या वस्तीवर म्हणतात. वाद दिवे लागेपर्यंत चालतो आणि शेवटी तुम्हीच माघार घेता, मग उपाशीपोटी कशाला? मी निमोण्याहून लग्न होऊन राहू गावाला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शेजारचं घर लांबून दाखवलं आणि बजावलं, "ती सिंधू. मनानं लई चांगली हाय, पर तिच्या तोंडाला लागू नगंस." मी तोंडाला लागले नाही. सरळ तिच्या बाजूला जाऊन बसले, ती आजपर्यंत तिथंच आहे.

आक्का साठीच्या पुढची. उंच, काटक, आणि आवाज असा की नदीपलीकडच्या माणसालाही आपल्यालाच हाक मारली असं वाटावं. एकदा उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली वळवताना तिच्या मेथीच्या वाफ्यात चाक घातलं. आक्कानं शिवी दिली नाही. ट्रॅक्टरपुढं मांडी घालून बसली आणि तुडवलेली मेथी निवडायला लागली. मागं ट्रॉल्यांची रांग लागली, हॉर्न वाजून वाजून दमले. सगळी मेथी निवडून झाल्यावर ती उठली आणि तीच मेथी तिनं त्या ट्रॅक्टरवाल्याला विकली.

फौजदार हे तिचं कुत्रं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी पोलिसात जायचं. गुऱ्हाळावरचे कामगार हंगाम संपल्यावर आपल्या मुलखाला गेले तेव्हा एक काळं पिल्लू मागं राहिलं, ते आक्कानं पदरात घालून आणलं. वस्तीच्या वाटेनं येणाऱ्या प्रत्येकाला अडवून हुंगल्याशिवाय ते सोडत नाही, म्हणून फौजदार. गळ्यात खिळ्यांचा पट्टा आहे, कारण आमच्या उसात बिबट्या आहे. पूर्वी वस्तीवर घरटी एक कुत्रं होतं. बिबट्यानं एकेक करून नेलं. आता दहा-बारा घरांत मिळून हा एकटा उरलाय. तो भुंकला की सगळी वस्ती बॅटऱ्या घेऊन बाहेर येते, आणि त्याच्याच जिवावर सगळ्यांच्या शेळ्या-वासरं निवांत झोपतात. थोडक्यात, राखण सगळ्यांची आणि खायला घालणं आक्काचं.

आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मासात आम्ही कांदा, लसूण, वांगं सोडतो आणि चंपाषष्ठीला रोडगा, भरीत आणि पातीचा कांदा असा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करतो. इतके दिवस तोंड बांधलेलं असतं, त्यामुळं त्या दिवशीच्या भरतात कांदा एवढा पडतो की वांगं शोधावं लागतं. तळी उचलून झाली की प्रत्येक घराचं एक पान कुत्र्यापुढं ठेवायचं. कुत्रं म्हणजे खंडोबाचं. त्यानं पानाला तोंड लावलं की देव पावला, मग माणसं जेवणार. पूर्वी ज्याचं पान त्याच्या कुत्र्यापुढं जायचं. गेल्या चंपाषष्ठीला सगळी पानं एकट्या फौजदारापुढं आली. त्यानं एकाही घराचा अपमान केला नाही.

चार दिवसांनी तो जागचा उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, लघवी विटकरी व्हायला लागली. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं पान लागलं, म्हणजे साप चावला. आक्कानं त्याला जुन्या चादरीत गुंडाळलं, मांडीवर घेऊन माझ्या स्कूटीवर मागं बसली आणि आम्ही यवतला जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं आणि काय खाल्लं होतं ते विचारलं. आक्कानं सांगितलं. कांद्यानं कुत्र्याचं रक्त नासतं, लसणानंही नासतं, असं डॉक्टर म्हणाले.

"आणि एरवी रोज काय घालता?"

"रोजचं काय, आमचंच. रस्सा-भाकरी कुस्करून."

आमच्या रश्शात कांदा-लसूण मसाला नसला तर त्याला आम्ही रस्सा म्हणत नाही. डॉक्टरांनी नुसतं तिच्याकडं पाहिलं. फौजदार वाचला, पण पुन्हा असं झालं तर वाचेल याची खात्री देत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

त्या दिवसापासून आक्कानं डोक्यात घेतलं की या कुत्र्याला आता नीट खायला घालायचं, आणि तेही आपल्या ऐपतीत. तो बरा झाल्यावर आम्ही पुन्हा यवतला गेलो, कुत्र्याच्या खुराकाच्या दुकानात. दुकानदारानं आधी उघड्या पोत्यातला सुटा खुराक दाखवला. लाल, हिरवे, पिवळे दाणे, लहान मुलांच्या गोळ्यांसारखे. आक्कानं मूठभर घेतला, तळहातावर चोळला आणि नाकाशी नेला. गाईची पेंड घेताना ती असंच करते.

"खवट हाय," ती म्हणाली. "आन् जरा तांब्याभर पानी द्या."

पाण्यात चार दाणे टाकले तर पाणी होळीचं झालं आणि खाली पिठाचा चिखल बसला. "आमच्या गाईला असली पेंड घातली तर ती पाटी उलटी करती."

"मावशी, कुत्र्याला काय कळतंय?" दुकानदार म्हणाला.

"त्याला न्हाई कळत म्हनून तर मी आली."

मग त्यानं एक चकचकीत पिशवी पुढं केली. तिच्यावरच्या विलायती कुत्र्याचे केस आमच्या अनुपमाच्या, म्हणजे आक्काच्या सुनेच्या, लग्नातल्या केसांपेक्षा भारी होते. आक्कानं चित्राकडं ढुंकूनही बघितलं नाही. पिशवी पालथी केली आणि मला म्हणाली, "तेजे, मागचं बारीक वाच." जे सगळ्यात जास्त, ते पहिलं लिहितात, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. मी वाचलं. पहिला मका, मग गहू, मग कोंडा, आणि कोंबडी कुठंतरी शेपटाला.

"मका माझ्या गोठ्यात हाय. मक्याला यवढं पैसं? आन् त्यो कुत्र्याचा फोटू काय शिजवून घालू?"

त्याच्याहून महाग एक होती, तिच्यात खरंच मांस पहिलं होतं, पण तिची किंमत ऐकून आक्कानं ती देवाच्या मूर्तीसारखी दोन्ही हातांनी अलगद परत ठेवली. शेवटी फळीच्या खालच्या बाजूला एक साधी पिशवी सापडली. चित्र फिकट, पण मागं कोंबडीचं मांस पहिलं आणि तारीख ताजी. तिच्यातली सगळ्यात लहान पिशवी घेतली. नुसती तीच घातली असती तर महिन्याला परवडली नसती, म्हणून डॉक्टरांना विचारून आक्कानं निम्मा खुराक हा आणि निम्मा घरचा असा मेळ बसवला. गोठ्यापाशी वेगळी चूल, वेगळं पातेलं. त्यात बाजरीच्या कण्या, भोपळा, स्वतःच्या कोंबड्यांची अंडी, आणि बाजारच्या दिवशी खाटकाकडून स्वस्तात मिळणारी कलेजी. हाड नाही, मीठ नाही, कांदा तर नाहीच.

पहिला भडका घरातच उडाला. मुलगा रविराज म्हणाला, "आये, मला एक अंडं आन् कुत्र्याला दोन?"

"तू राखन करतोस का? बिबट्या आला का पयला तूच आत पळतोस."

अनुपमा तोंडाला पदर लावून हसली. वस्तीवरही हसू झालं. आक्काचं कुत्रं आता चमच्यानं खाणार, त्याला रुमाल लावणार, असं काय काय. मला त्या हसण्याचा संताप यायचा, अजून येतो. कुत्र्यानं उरलंसुरलं, आंबलेलं, करपलेलं खावं हा आपल्याकडं जणू कायदाच आहे. राखण मात्र सगळ्यांना ताजी पाहिजे. आक्का कुणाला उत्तर देत नव्हती. पातेलं ढवळत होती. होळीपर्यंत फौजदाराच्या अंगावर अशी तकाकी आली की हसणारेच त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागले.

मग यंदाची चंपाषष्ठी जवळ आली. आक्का घरोघर गेली. मागणं एवढंच होतं, की भरतात कांदा घालायच्या आधी कुत्र्यापुरतं बाजूला काढा. बायकांनी माना डोलावल्या. पण वस्तीवर शेवटचा शब्द पोपटरावांचा. ते आक्काचे चुलत दीर, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांनी ऐकलं आणि ते ओट्यावरून उठलेच.

"कांद्याबिगर नैवेद्य? चंपाषष्ठीला? वहिनी, देवाला काय डाक्टरची चिठ्ठी दावायची?"

"भावजी, तुम्ही कांदा चार म्हैनं सोडला. माझ्या कुत्र्यानं वरीसभर सोडलाय. उपास कुनाचा कडक, सांगा."

"आजवर नैवेद्यानं कुठलं कुत्रं मेलं का?"

"आजवर घरटी एक कुत्रं व्हतं. आता सगळ्यांचं त्यो एकटा खातो."

"देवाचं कुत्रं हाय, देव सांभाळंल. रीत मोडली तर देव घराकडं पाठ फिरवतो. पानं ठरल्यापरमानं ठेवली जातील."

झालं. डोललेल्या माना थांबल्या. मी आक्काला म्हणाले, त्या दिवशी फौजदाराला घरात कोंडून ठेवा. ती माझ्यावरच उखडली. "कोंडायला त्यानं चोरी केली का? आन् आज कोंडलं तर उद्या कुनीतरी गुपचूप घालंल. ह्ये काय त्ये समोरासमोर व्हऊ दे." मला रात्री झोप आली नाही, खोटं कशाला सांगू. समोरासमोर म्हणजे सगळी वस्ती एका बाजूला आणि एक म्हातारी आणि एक कुत्रं दुसऱ्या बाजूला.

वस्तीच्या कडेला खंडोबाचं लहानसं देऊळ आहे, कट्ट्याएवढं. चंपाषष्ठीला सगळे तिथं जमले. तळी उचलली, येळकोट झाला, भंडाऱ्यानं सगळ्यांची कपाळं पिवळी झाली. फौजदाराच्याही कपाळावर भंडारा होता, तो आक्कानंच लावला होता. तिनं आपल्या घरचं पान त्याच्यापुढं ठेवलं. रोडगा आणि नुसत्या भाजलेल्या वांग्याचं भरीत. त्यानं ते चाटूनपुसून खाल्लं. मग पोपटराव पुढं आले. त्यांच्या पानातलं भरीत कांद्यानं पांढरं दिसत होतं. त्यांनी ते फौजदारापुढं ठेवलं आणि मागं सरून हात जोडले.

फौजदारानं मान पुढं केली. त्याला काय कळतंय.

आक्कानं पान ओढून घेतलं. मला वाटलं, आता ती ते उकिरड्यावर भिरकावणार आणि आयुष्यभराचं वैर होणार. पण ती खाली बसली, कुत्र्याच्या शेजारी, मातीत, आणि पान मांडीवर घेऊन खायला लागली.

"वहिनी! कुत्र्याचं पान हाय त्ये!"

"ठावं हाय. त्याच्या वाटनीचं मी खाते. नैवेद्य वाया जानार न्हाई, देवाचा अपमान व्हनार न्हाई. हितं बसली मी. म्हना मला कुत्री."

तिनं भरताचा शेवटचा घास पुसून घेतला, पान बाजूला ठेवलं आणि हात पुढं केला. "दुसरं आना." एकानं गोंधळून आपलं पान दिलं. तेही तिनं संपवलं. मग तिसरं. आक्काला पित्ताचा त्रास आहे, कच्च्या कांद्यानं तिचं डोकं उठतं, हे वस्तीवर कुणाला ठाऊक नाही? तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, घास घशाखाली उतरेना, तरी ती चावत होती. रविराज पुढं आला तर तिनं डाव्या हातानं त्याला मागं सारलं. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. चौथ्या पानाला पोपटरावांनाच बघवेना.

"वहिनी, बास करा. सगळ्या वस्तीचं एकटीनं खाऊन मरायचंय का?"

आक्कानं घास गिळला आणि पदरानं तोंड पुसलं.

"मी मरंल म्हंता? मी बाईमानूस, यवढी थोरली. सगळ्यांची पानं खाऊन मी मरंल ह्ये तुम्हास्नी दिसतंय." तिनं फौजदाराच्या पाठीवर हात ठेवला. "मग ह्यो माझ्या निम्मा बी न्हाई, भावजी."

आक्कानं पुन्हा हात पुढं केला. "आना. थांबलासा का? अजून लई घरं ऱ्हायलीत."

पुढच्या पानासाठी कुणी हललं नाही. मग बायकांच्या घोळक्यातून पुतळाबाई पुढं झाल्या. पुतळाबाई म्हणजे पोपटरावांची बायको, नवऱ्यापुढं चहात साखर किती हेसुद्धा न बोलणारी. त्यांनी आक्काच्या शेजारचं आपल्या घरचं रिकामं पान उचललं आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "उठा आक्का. चुलीवर वांगी हायती अजून, कांदा न घातल्याली. फौजदाराचं पान मी दुसरं करून आनते."

त्यांच्या मागोमाग आणखी दोघी घराकडं वळल्या. आक्का उठली नाही. तिला उठवतच नव्हतं. तिनं फौजदाराला जवळ ओढलं आणि पाठमोऱ्या पुतळाबाईंना नेहमीच्या आवाजात ओरडून सांगितलं, "मीठ बी घालू नगंस, पुतळे!"