मिस हेस्टरनी घातलेलं वाक्य

विल्टन लँडिंगच्या सेंट ऑल्बन चर्चमध्ये मिस हेस्टर मिकेल यांनी एकतीस वर्षं चिटणीसपण केलं. चर्चचा कारभार निवडून आलेले बारा कारभारी पाहत. ते बोलत, भांडत आणि जेवायला उशीर होतोय असं दिसलं की ठराव पास करत. लिहीत मात्र मिस हेस्टर. बोलणाऱ्याचं वाक्य अर्धवट राहिलं तर त्या ते पुरं करून टाकत. तिकडे लग्न झालेल्या बाईलाही आदरानं ‘मिस’च म्हणतात; नवरा ज्युलियन हयात असताना त्याच्या किराणा यादीतही त्या स्वल्पविराम घालत, असं गाव म्हणे, आणि ते खोटं नव्हतं.

वादळात छप्पर उडालं त्या वर्षी चर्चची जुनी नियमावली भिजून गेली. नवी टंकून काढायचं काम साहजिकच मिस हेस्टरकडे आलं. बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या चर्चचा मिळून एक धर्मप्रांत; त्याच्या कचेरीतून नमुन्याचा एक कागद आला होता. जुनं पहिलं कलम त्यांना तुटक वाटायचं. नमुन्यातलं कसं ऐसपैस, भारदस्त होतं: ‘हे चर्च धर्मप्रांताची घटना व नियम आपले मानते आणि त्यांच्या अधीन राहील.’ त्यांनी ते जसंच्या तसं उचललं. बैठकीत सगळी नियमावली मोठ्यानं वाचली. बाहेर ओसरीवर कोळंबी आणि मक्याच्या कण्या निवत चालल्या होत्या. बाराही जणांनी हात वर केले आणि ताटाकडे धाव घेतली.

पुढची पंचवीस वर्षं त्या वाक्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

मग बिशपांशी बिनसलं. कशावरून, ते विचाराल तर गावात आणखी दोन तट पडतील. दोनशे जणांनी धर्मप्रांत सोडायला मत दिलं, अकरा जणांनी नाही. मिस हेस्टर दोनशेंत होत्या. इमारत कुणाकडे राहणार, यावर खटला उभा राहिला. चर्चची मालमत्ता धर्मप्रांतासाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची, असा धर्मप्रांताचा नियम. दोनशेंचा वकील म्हणाला, हा नियम चर्चनं स्वतः लेखी कबूल केला असेल, तरच तो लागू होतो.

तेव्हा तो टंकलेला कागद निघाला. त्यावर ना सही, ना तारीख. बैठकीच्या वहीत ‘नवी नियमावली मंजूर’ एवढंच. मंजूर झाली ती हीच का, हे सांगू शकेल असं जिवंत माणूस एकच उरलं होतं.

साक्षीच्या आदल्या दुपारी मुख्य कारभारी बोमन सीब्रूक मिस हेस्टरच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. लहानपणी रविवारच्या शाळेत त्यांच्याकडून कान पिळून घेतलेला माणूस. त्यांनी त्याच्यापुढे गार चहा ठेवला.

“मिस हेस्टर, इतकं जुनं कुणाच्या लक्षात राहतं हो?”

“माझ्या.”

“ते झालंच. पण ‘आठवत नाही’ म्हटलं तर कोण तुमचं डोकं उघडून बघणार आहे?”

“बोमन, खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा तुझ्याकडून कोणी पाठ करून घेतली होती?”

“तुम्हीच. आणि मी विसरलो. बघा, माणसं विसरतात!”

त्या हसल्या नाहीत. बोमनचे डोळे मात्र भरून आले. “माझ्या पोरींचे बाप्तिस्मे झालेत तिथे,” तो म्हणाला. त्यांनी त्याचा पेला पुन्हा भरला.

कोर्टात धर्मप्रांताच्या वकिलानं कागद पुढे धरला. “त्या दिवशी वाचलात तो हाच?”

“हाच.”

“हे वाक्य घाला असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मला आवडलं.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. आता छातीत कळ येईल, असं मिस हेस्टरना वाटलं. आली नाही. यात शौर्यबिर्य काही नव्हतं. आठवत होतं, म्हणून सांगितलं. इमारत धर्मप्रांतात राहिलेल्या अकरा जणांकडे गेली. पलीकडच्या गावच्या चर्चनंही धर्मप्रांत सोडला होता, पण त्यांची इमारत त्यांच्याकडेच राहिली. त्यांच्या चिटणिसानं सगळ्या वह्या गाडीच्या डिकीत टाकल्या होत्या आणि वह्यांसकट गाडी विकली होती. कबुलीचा कागदच सापडेना. “तुमचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण,” पोस्टातली बाई तोंडावर म्हणाली. मिस हेस्टरनी तिकिटं घेतली आणि आभार मानले.

दोनशे जण शाळेच्या व्यायामशाळेत उपासना करू लागले. मिस हेस्टरना कोणी वावगं बोललं नाही. खुर्ची द्यायचे, तब्येत विचारायचे. पहिल्या वार्षिक सभेला त्या नेहमीसारख्या कोरी वही घेऊन पुढे बसल्या.

नवी नियमावली करायची होती. बोमन उठला आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणाला, “चिटणीस म्हणून या वर्षी माझ्या बायकोनं, लॉरेननं, तयारी दाखवलीय. मिस हेस्टरनी आता जरा आराम करावा. कोण कोण बाजूनं?”

सगळ्यांचे हात वर गेले. लॉरेन लगबगीनं त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिच्याकडे वहीही नव्हती, पेनही नव्हतं. मिस हेस्टरनी दोन्ही तिच्या हातात दिलं.

“‘एकमतानं’ असं लिहू ना हो?” लॉरेननं हळूच विचारलं.

“लिही,” मिस हेस्टर म्हणाल्या. “मीही हात वर केलाय.”